अंगच्या पाण्यात शिजणारे अन्न : ‘वॉटरलेस’ स्टीलच्या भांड्यांविषयी

‘वॉटरलेस’ या नावाने विकली जाणारी स्टेनलेस स्टीलची भांडी मी रोजच्या स्वयंपाकात बराच काळ वापरत आहे. जाड तळाची तीन पातेली, एक पसरट पॅन, वाफवण्याची जाळी आणि प्रत्येक भांड्याला काठावर नीट बसणारे, मधोमध झडप असलेले झाकण, असा हा संच आहे. त्यातल्या मधल्या आकाराच्या पातेल्याशिवाय आता माझे चालत नाही. बाकीच्या संचाची मात्र बहुतेक घरांना गरज पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हे मत सविस्तर मांडावेसे वाटण्याचे कारण असे की या भांड्यांविषयी बोलणारे लोक बहुधा एक तर विक्रेते असतात किंवा विक्रेत्यांवर चिडलेले ग्राहक, आणि त्या दोघांच्या वादात स्वयंपाकाची एक फार चांगली पद्धत दुर्लक्षित राहते.

भाजी शिजायला पाणी लागते हे खरे, पण ते बाहेरूनच घातले पाहिजे असे नाही. पालक, कोबी आणि फ्लॉवर यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून थोडे अधिक पाणी असते, टोमॅटोत सुमारे ९५ टक्के, गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास, आणि हाताला कोरड्या लागणाऱ्या बटाट्यातही जवळजवळ ७९ टक्के. अर्धा किलो गाजर पातेल्यात घातले की त्याबरोबर सुमारे ४४० मिलिलिटर पाणीही आत गेलेले असते. हे पाणी पेशींमध्ये कोंडलेले असते. उष्णतेने पेशींचे आवरण सैल पडले की ते बाहेर येऊ लागते, त्यातल्या काहीची वाफ होते, आणि ती वाफ पातेल्यातच टिकली तर वरच्या थरातले तुकडे शिजवायला ती पुरते. साध्या पातळ पातेल्यात ती टिकत नाही, कारण झाकण काठावर सैल असते आणि तळाचा जो भाग ज्योतीच्या थेट वर येतो तो इतरांपेक्षा फार लवकर तापून भाजी करपवू लागतो. म्हणून आपण पाणी घालतो. ‘वॉटरलेस’ भांड्यात या दोन्ही गोष्टींवर उपाय केलेला असतो: तळ उष्णता सर्वत्र सारखी पसरवतो आणि झाकण वाफ अडवून धरते.

झाकणाचे काम समजून घेणे सर्वात महत्त्वाचे आहे, कारण हे भांडे नीट वापरता येणे किंवा न येणे त्यावरच ठरते. पातेल्याच्या काठाला एक रुंद, किंचित उतरती कड असते आणि झाकणाची कड तिच्यात बरोबर बसते. आत वाफ तयार झाली की ती झाकणाच्या तुलनेने गार पृष्ठभागाला लागून पुन्हा पाणी होते, ते थेंब झाकणाच्या उतारावरून घरंगळत काठापर्यंत येतात आणि झाकण व पातेले यांच्यामधल्या बारीक फटीत पाण्याचा एक पातळ थर जमा होतो. हाच थर पुढे वाफेला अडवतो. येथे रबराची रिंग नाही, पकड नाही, आणि प्रेशर कुकरसारखा दाबही तयार होत नाही. दाब वाढू लागला तर झाकण किंचित उचलले जाऊन वाफ निघून जाते, आणि ही गोष्ट सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगलीच आहे. पाण्याचा हा थर बसला आहे की नाही हे पाहण्याची खूण अगदी सोपी आहे: झाकणाच्या मुठीला बोटाने हलकी गिरकी द्यावी. झाकण पाण्यावर तरंगत असल्यासारखे सहज फिरले तर सारे ठीक चालले आहे. धातूवर धातू घासल्याचा आवाज आला तर थर अजून बसलेला नाही किंवा सुकून गेलेला आहे.

आता प्रत्यक्ष पद्धत. भाजी धुवून चाळणीत निथळावी, पण पुसू नये. तिच्या अंगाला चिकटलेले पाणी हीच सुरुवातीची पुंजी असते. पातेले भाजीने किमान दोन तृतीयांश भरेल असे निवडावे. ही सूचना प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि बहुतेक लोक ती वाचून सोडून देतात. मोठ्या पातेल्यात मूठभर भाजी घातली तर आतली बरीच जागा हवेने भरलेली राहते, तेवढी जागा वाफेने भरण्याइतके पाणी भाजीतून वेळेवर सुटत नाही, आणि तोपर्यंत तळाचे तुकडे करपलेले असतात. आच आधी मध्यम ठेवावी, कधीही मोठी नव्हे. झडपेतून वाफ येऊ लागली किंवा शिट्टीचा बारीक आवाज सुरू झाला की झडप बंद करून आच जितकी मंद करता येईल तितकी करावी, आणि त्यानंतर झाकण उघडू नये. एकदा झाकण उचलले की साठलेली वाफ जाते, काठावरचा पाण्याचा थर मोडतो आणि पुन्हा तो जमेपर्यंत काही मिनिटे जातात. ज्यांना स्वयंपाक करताना सतत डोकावून पाहण्याची सवय आहे त्यांना ही अट जड जाते, पण तिला पर्याय नाही. कान आणि घड्याळ यांवर भरवसा ठेवायला शिकावे लागते: आतून मंद, एकसारखा आवाज येत असेल तर पाणी आहे, तडतड सुरू झाली तर तळ कोरडा पडत आहे आणि दोन चमचे पाणी घालण्याची वेळ आली आहे.

पाणी घालणे हा पराभव मानू नये. जून झालेले गाजर, बरेच दिवस साठवलेला बटाटा, फ्रीजमध्ये सुकत गेलेला कोबी यांच्यात मुळातले पाणी कमी झालेले असते आणि त्यांना दोन ते चार मोठे चमचे पाणी दिल्याशिवाय निभत नाही. ‘एक थेंबही नको’ हा विक्रीचा आग्रह आहे, स्वयंपाकाचा नव्हे. दीड लिटर पाण्यात उकळण्याऐवजी पन्नास मिलिलिटर पाण्यात तीच भाजी शिजली तर या पद्धतीचे सगळे फायदे मिळालेले असतात.

फायद्यांपैकी चव हा सर्वात मोठा, आणि त्याविषयी मी कोणतीही पुस्ती न जोडता सांगेन की असे गाजर मी उकळून कधी खाल्लेले नाही. पाण्यात उकळताना गाजरातली साखर, क्षार आणि सुगंधी द्रव्ये पाण्यात उतरतात आणि ते पाणी आपण बहुधा ओतून देतो. अंगच्या पाण्यात शिजलेल्या गाजरात ती सारी गाजरातच राहतात किंवा तळाशी उरलेल्या दोन चमचे दाट रसात येतात, आणि तो रस भाजीवरच घालता येतो. मीठ कमी लागते, कारण भाजीचे स्वतःचे क्षार वाहून गेलेले नसतात. भोपळा, रताळे, बीट, मका आणि मटार यांचा अनुभव असाच आहे. कोबीबद्दल मला विशेष सांगावेसे वाटते: जाड फोडी करून मंद आचेवर शिजवलेला कोबी गोडसर, रसदार आणि किंचित चावावा लागेल असा होतो, आणि कोबी न खाणाऱ्यांनीही तो मागून घ्यावा असा होतो.

हिरव्या भाज्यांच्या बाबतीत मात्र या बंद झाकणाचा एक तोटा आहे, जो विक्रेते सांगत नाहीत. भाजी तापली की तिच्यातून काही उडून जाणारी आम्ले बाहेर पडतात. उघड्या भांड्यात ती वाफेबरोबर निघून जातात आणि भरपूर पाण्यात ती विरून जातात. पण बंद पातेल्यात ती थेंबांबरोबर परत भाजीवर पडतात, आणि हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून गेल्याने चकचकीत हिरवा रंग मळकट, काळपट हिरवा होतो. ब्रोकोली किंवा फरसबी सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ बंद राहिली की हा बदल स्पष्ट दिसतो. चव बिघडत नाही, पण ताटातली भाजी उदास दिसते. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली या कुळातल्या भाज्या प्रमाणाबाहेर शिजल्या तर त्यांतली गंधकयुक्त द्रव्येही आतच कोंडून उग्र वास येतो. यावर उपाय एकच: तुकडे लहान करावेत, वेळ कमी ठेवावा, आणि भाजी शिजताच झाकण काढावे. जाड तळ आच बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो आणि आतली भाजी शिजतच राहते, हे ध्यानात घेऊन गॅस दोन मिनिटे आधीच बंद करणे योग्य ठरते.

इंधनाच्या बचतीचा दावा मला पटलेला आहे आणि त्याचे साधे गणित मांडता येते. दीड लिटर पाणी २५ अंश सेल्सियसपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ४७० किलोज्यूल उष्णता लागते. पन्नास मिलिलिटर पाण्याला तीच उकळी आणण्यास सोळा किलोज्यूल पुरतात. भाजी तापवण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच. त्याखेरीज, उघड्या पातेल्यातून उडून जाणारी वाफ प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २.२६ किलोज्यूल उष्णता बरोबर घेऊन जाते, आणि ती गळती येथे जवळजवळ थांबते. मात्र हा लाभ जाड तळाचा नाही. उलट जड भांडे स्वतः तापायलाही उष्णता खाते, त्यामुळे एक कप दूध गरम करायला असे पातेले वापरणे तोट्याचेच आहे.

आरोग्याविषयीच्या दाव्यांकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण त्यांत खरे आणि अतिशयोक्त एकमेकांत मिसळलेले असते. क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातली इतर जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, त्यामुळे भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्यास त्यांचा मोठा वाटा जातो, आणि कमी पाण्यात किंवा वाफेवर शिजवल्यास तो अधिक टिकतो. इतके निर्विवाद आहे. पण हा गुण या भांड्यांचा एकट्यांचा नाही. साध्या पातेल्यात जाळीवर वाफवलेली भाजी किंवा मायक्रोवेव्हमध्ये झाकून, चमचाभर पाण्यात शिजवलेली भाजी हाच लाभ देते. दुसरा दावा असा केला जातो की ही भांडी उकळबिंदूच्या खूप खाली शिजवतात आणि म्हणून जीवनसत्त्वे ‘जिवंत’ राहतात. पातेल्यात वाफेबरोबर हवाही कोंडलेली असेल तर आतले तापमान शंभर अंशांच्या थोडे खाली राहू शकते हे खरे. परंतु भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढेच मोकळे होऊ लागते, आणि गाजर मऊ झाले याचा अर्थ ते तेवढे तापले असा होतो. उष्णतेने नष्ट होणारे द्रव्य भांडे कोणते आहे हे पाहून थांबत नाही. आणि प्रत्येक पोषक द्रव्य शिजवल्याने घटतेच असेही नाही: गाजरातले कॅरोटीन शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळते.

तेलाशिवाय परतण्याच्या दाव्याबद्दल माझे मत अर्धेच अनुकूल आहे. कोंबडीचे कातडीसह असलेले तुकडे तेलाशिवाय या पॅनमध्ये उत्तम होतात, कारण कातडीखालची चरबी वितळून तेलाचे काम करते. पॅन आधी मध्यम आचेवर पुरता तापला पाहिजे, आणि त्याची खूण म्हणजे त्यावर टाकलेले पाणी पसरून उडून न जाता त्याचे मोत्यासारखे गोळे होऊन ते तळावर धावू लागतात. पाण्याखाली वाफेचा पातळ पापुद्रा तयार झाल्याने असे घडते. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली त्याचे वर्णन केले आणि त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्या वेळी धातूचे तापमान साधारण दोनशे अंशांच्या घरात असते. मांस टाकल्यावर ते प्रथम धातूला घट्ट चिकटते. तेव्हा ओढाताण न करता थांबावे, कारण खालचा भाग तांबूस, कुरकुरीत झाला की ते आपोआप सुटते. पण कातडी नसलेले मांस, मासे आणि विशेषतः अंडी यांना तेल किंवा लोणी लागतेच. तेलाशिवाय अंडे चिकटते, आणि चिकटलेले अंडे घासून काढण्यात जे श्रम जातात त्यांच्या मानाने एक चमचा तेल फार स्वस्त पडते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठी आहारात थोडा स्निग्ध पदार्थ लागतो, त्यामुळे तेल पूर्णपणे काढून टाकणे हा आरोग्याचा आदर्श मानण्याचे कारण नाही. मंद आचेवर झाकून शिजवलेल्या कोंबडीच्या बाबतीत मात्र अंदाजावर विसंबू नये. सर्वात जाड भागातले तापमान ७४ अंशांपर्यंत पोहोचले आहे याची थर्मामीटरने खात्री करावी.

काही पदार्थांसाठी ही पद्धत नाहीच. तांदूळ, सुकी कडधान्ये आणि पास्ता यांच्यात स्वतःचे पाणी जवळजवळ नसते. त्यांना ते बाहेरूनच द्यावे लागते आणि त्यांच्यासाठी हे पातेले म्हणजे फक्त एक चांगले जाड पातेले असते. भात मात्र त्यात सुरेख होतो, कारण वाफ न गेल्याने पाण्याचे माप अचूक राहते. नेहमीपेक्षा थोडे कमी पाणी घ्यावे. राजम्याच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. कच्च्या राजम्यात असलेले फायटोहिमॅग्लुटिनिन हे द्रव्य उलट्या आणि जुलाब घडवून आणते आणि ते नष्ट होण्यासाठी राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळावा लागतो. अर्धवट तापमानात तो मऊ झालेला दिसला तरी सुरक्षित असेलच असे नाही, म्हणून मंद आचेवर शिजवण्याचा उत्साह येथे पूर्णपणे बाजूला ठेवावा. उंच डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की या भांड्यात दाब वाढत नसल्याने समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळणार. कडधान्यांसाठी तेथे प्रेशर कुकरला पर्याय नाही.

धातूविषयी लिहिताना प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: स्टेनलेस स्टील उष्णतेचे वाईट वाहक आहे. त्याची उष्णतावाहकता साधारण १५ वॉट प्रति मीटर-केल्विन आहे, ॲल्युमिनियमची दोनशेच्या पुढे आणि तांब्याची सुमारे चारशे. म्हणूनच नुसत्या स्टीलच्या पातळ पातेल्यात ज्योतीच्या आकाराचे करपलेले वर्तुळ उमटते, आणि म्हणूनच या भांड्यांत दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेला असतो. आतला स्टीलचा पत्रा अन्नाला लागतो, मधले ॲल्युमिनियम उष्णता पसरवते, आणि बाहेरचा पत्रा चुंबकाला चिकटणाऱ्या, निकेल नसलेल्या स्टीलचा असतो, जेणेकरून भांडे इंडक्शनवर चालावे. तीन थरांचे हे काम तीन थरांतच पूर्ण होते. पाच, सात, नऊ थर म्हणून जी वाढती संख्या सांगितली जाते ती भांड्याच्या गुणवत्तेचे माप नाही. ॲल्युमिनियमची एकूण जाडी किती आहे हे पाहिले पाहिजे, आणि नऊ थरांच्या एखाद्या भांड्यात ती तीन थरांच्या दुसऱ्या भांड्याहून कमीही असू शकते. काही भांड्यांत हा जाड थर फक्त तळाला चकतीसारखा जोडलेला असतो, तर काहींत तो भिंतींपर्यंत चढवलेला असतो. अंगच्या पाण्यात भाजी शिजवण्यासाठी दुसरा प्रकार थोडा सरस आहे, कारण भिंतीही तापतात. पण गॅसची ज्योत तळाबाहेर गेली तर त्याच भिंतींवर भाजी लागते, त्यामुळे बर्नर पातेल्याच्या तळाहून लहान असणे आवश्यक ठरते.

स्टीलच्या प्रतींबद्दलही असाच गोंधळ केला जातो. १८/८ किंवा १८/१० या खुणेतला पहिला आकडा क्रोमियमची आणि तिरप्या रेघेनंतरचा दुसरा आकडा निकेलची टक्केवारी दाखवतो. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बनतो, तोच गंज रोखतो, आणि खरचटला तरी हवेच्या संपर्कात पुन्हा तयार होतो. ३१६ या प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खारट पदार्थांमुळे बारीक खड्डे पडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. त्याला ‘सर्जिकल स्टील’ म्हणून मिरवले जाते, पण शस्त्रक्रियेच्या धारदार उपकरणांसाठी वापरले जाणारे स्टील बहुधा वेगळ्याच, कठीण करता येणाऱ्या प्रकारचे असते, आणि घरच्या स्वयंपाकाला ३०४, म्हणजेच १८/८, ही नेहमीची प्रत पुरेशी आहे. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र आंबट पदार्थ तासन्‌तास स्टीलमध्ये शिजवू नयेत. नव्या भांड्यातून निकेल अधिक उतरते आणि वापर होत जातो तसे ते कमी होते, परंतु त्रास ठाऊक असणाऱ्यांनी निकेलविरहित स्टीलचे किंवा एनॅमलचे भांडे घेणे श्रेयस्कर.

ही भांडी विकण्याची जी रीत जगभर रूढ आहे, घरी चार पाहुणे जमवून त्यांच्यासमोर स्वयंपाक करून दाखवण्याची, ती जुनी आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात ॲल्युमिनियमचे ‘वॉटरलेस’ कुकर लोकप्रिय झाले होते. स्टीलची भांडी त्यांच्या मागून आली. प्रात्यक्षिकात भाजी करून दाखवणे रास्तच आहे, आणि ती चवीला खरोखर चांगली असते. आक्षेप आहे तो खायच्या सोड्याच्या चाचणीला. वेगवेगळ्या भांड्यांत सोडा घातलेले पाणी उकळून पाहुण्यांना चाखायला देतात. ॲल्युमिनियमच्या भांड्यातले पाणी कडवट लागते आणि ‘रोज हेच तुमच्या पोटात जाते’ असे सांगितले जाते. सोडा उकळल्यावर अधिक अल्कधर्मी होतो आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळवतो, हे रसायनशास्त्र खरे आहे. पण कोणाचेही रोजचे जेवण सोड्याच्या द्रावणात शिजत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो हेही सिद्ध झालेले नाही. जे भांडे आपल्या गुणावर विकले जाऊ शकते त्यासाठी लोकांना घाबरवणे मला मनापासून खटकते. नॉनस्टिकच्या लेपाबद्दलची भीतीही प्रमाणातच बाळगावी: तो लेप साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, म्हणून रिकामा पॅन मोठ्या आचेवर सोडू नये. स्टीलला लेपच नसल्यामुळे ते घासता येते, धातूच्या कालथ्याने ढवळता येते आणि वर्षानुवर्षे टिकते, आणि स्टीलची बाजू घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

देखभाल अवघड नाही. तळावर इंद्रधनुषी छटा आल्या तर ऑक्साइडचा थर उष्णतेने जाड झालेला असतो. पांढरे डाग पाण्यातल्या चुन्याचे असतात. दोन्ही थोड्या व्हिनेगरने निघतात. करपलेले खरवडण्याऐवजी भांड्यात पाणी व चमचाभर सोडा घालून उकळावे आणि मग घासावे. थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी पडू देऊ नये, कारण त्या जागी बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालावे. क्लोरीनयुक्त ब्लीच कधीही वापरू नये. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला हमखास घाबरवते: आच बंद करून झडप न उघडता पातेले तसेच ठेवले तर आतली वाफ गार होऊन पाणी बनते, आत पोकळी निर्माण होते आणि झाकण इतके घट्ट बसते की हाताने निघत नाही. जोर लावू नये. झडप उघडावी, किंवा पातेले पुन्हा मंद आचेवर मिनिटभर ठेवावे, झाकण सुटते.

वजन हा खरा दोष आहे. भरलेले मोठे पातेले एका हाताने उचलणे ज्यांच्या मनगटात त्रास आहे त्यांना शक्य होणार नाही, आणि त्यांनी दोन्ही बाजूंना कान असलेलेच भांडे घ्यावे. मुठी काळ्या फिनॉलिक प्लास्टिकच्या असतील तर त्या गार राहतात, पण ओव्हनमध्ये साधारण १७५ अंशांच्या पुढे नेता येत नाहीत. स्टीलच्या मुठी ओव्हनमध्ये चालतात पण गॅसवर तापतात. एकावर एक पातेली रचून एकाच आचेवर तीन पदार्थ करण्याची जाहिरात मला पटली नाही: खालचे चांगले शिजते, मधले कसेबसे आणि वरचे फक्त गरम राहते. चुलीवर केक करण्याचे प्रात्यक्षिकही असेच. केक शिजतो, पण वरून फिकट आणि ओलसर राहतो.

दोन-तीन लिटरचे, जाड तळाचे, चांगले झाकण असलेले एक पातेले ज्याच्याकडे आधीच आहे त्याने प्रथम त्यातच ही पद्धत करून पाहावी. अर्धा किलो गाजराचे जाड काप, तीन मोठे चमचे पाणी, वर झाकण, मध्यम आच, वाफ दिसताच मंद, आणि वीस मिनिटांनंतरच झाकण उघडावे. गाजर न करपता मऊ झाले आणि तळाशी थोडा रस उरला, तर त्या माणसाला नवे भांडे घेण्याची गरज नाही. करपले आणि पद्धत तर आवडली, तर एकच पातेले, सुटे, विकत घ्यावे. चार जणांच्या स्वयंपाकासाठी तीन लिटरचे पुरते. दुकानात झाकण ठेवून त्याला गिरकी द्यावी आणि ते कुठे अडखळते का पाहावे, काठावर बोट फिरवून कड सगळीकडे एकसारखी आहे याची खात्री करावी, तळ सपाट जागेवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे, आणि झाकणाची मूठ व झडप सुटी मिळते का हे विचारावे, कारण स्टील कितीही वर्षे टिकले तरी आधी खराब होते ती झडपच, आणि ती बदलून मिळत नसेल तर चांगले पातेलेही साध्या पातेल्यासारखेच वापरावे लागते.